नऊचा मान

मंगळवारी सकाळी नऊ वाजून तीन मिनिटांनी हिरडेवाडीचा डीपी गेला. आधी भैरवनाथाच्या देवळावरच्या भोंग्याचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. पाठोपाठ वेशीकडून एक जड, दबका आवाज आला आणि गावातल्या मोटारी, पंखे, घरघंट्या एकदम थांबल्या. गावाला वीज पुरवणारी लोखंडी टाकी, जिला कंपनीच्या कागदांत रोहित्र म्हणतात आणि गावात डीपी, बुडातून तेल गाळत खांबांवर उभी होती. कोणाला इजा झाली नाही.

भोंग्यावर उपसरपंच जयसिंग ढमाले बोलत होते. ‘नऊ वाजलेले आहेत, वीज स्वस्त झालेली आहे, सर्व ग्रामस्थांनी आपापल्या मोटारी’ इथपर्यंत ते आले होते. ‘चालू कराव्यात’ हे शब्द गावाने ऐकले नाहीत, पण त्यांची गरजही नव्हती. मोटारी चालू झाल्या होत्या. सगळ्या, एकाच मिनिटात.

सायली ढमाले त्या वेळी परसात कपडे पिळत होती. हातातला पिळा तसाच बादलीत टाकून ती वेशीकडे निघाली. भोंग्यावरून सांगायची कल्पना तिची होती.

दिवाळीनंतर कोळवण खोऱ्यातल्या या गावात जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले गेले. त्या मीटरला कोणत्या तासाला किती वीज वापरली हे कळतं, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात वापरलेल्या युनिटला दर कमी लागतो. ही दुसरी गोष्ट गावाने मानली नाही. मीटर पळतो, मीटर ऐकतो, मीटर पुण्यातून बंद करता येतो, एवढं मात्र सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेने गावोगावी एकेक बाई नेमली. तिने घरोघरी जाऊन लोकांना जड वापर दिवसा करायला शिकवायचं आणि बिल उतरवून दाखवायचं. पदाचं नाव ‘वीजमैत्रीण’. हिरडेवाडीत ते सायलीला मिळालं.

त्याआधी ती पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, कायम रात्रपाळीला. नवरा दिग्विजय ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस गुजरातेत. मुलगी सृष्टी पहिलीत, रात्री आजीजवळ निजायची. वीजमैत्रिणीचं काम दिवसाचं होतं, म्हणून सायलीने ते धरलं. पण ते मार्चअखेरपर्यंतचं होतं. मार्च महिन्यात गावातल्या निम्म्याहून जास्त घरांचा जड वापर दिवसावर आलेला दिसला तर पुढची दोन वर्षं पक्की, नाही तर पुन्हा रात्रपाळी. मीटरचे आकडे पुण्यात आपोआप पोचत असल्यामुळे थापा मारायची सोय नव्हती.

काम अवघड नव्हतं. गावाला नळाचं पाणी सकाळी सातला येतं आणि जमिनीतल्या हौदात पडतं. हौदातून गच्चीवरच्या टाकीत चढवायला प्रत्येकाची मोटार आहे. ती नळ आल्याबरोबरच लावली पाहिजे असं काही नाही. हौद भरलेला असतो, नऊनंतर कधीही लावा. घरघंटी आणि इस्त्री यांचंही तेच. सायलीने हे प्रत्येक घरात जाऊन सांगितलं. लोक ‘व्हय व्हय’ म्हणायचे आणि सात वाजता मोटार लावायचे, कारण मोटार सातला लावायची असते.

म्हणून तिने जयसिंगांना, म्हणजे तिच्या चुलतसासऱ्यांना, विनंती केली की चार दिवस भोंग्यावरून तेवढी आठवण द्या. रेशन आलं, लसीकरण आहे, पाणी उद्या येणार नाही, हे सगळं गाव भोंग्यावरून ऐकतं आणि ऐकतं म्हणजे करतं. घरी येऊन सांगितलेलं तिथे कोणावर बंधनकारक नसतं, भोंग्यावरचं असतं. जयसिंगांना माइक आवडतो. पहिल्या दिवशी काही घरांनी मोटारी नऊला लावल्या, दुसऱ्या दिवशी निम्म्यांनी. चौथ्या दिवशी, मंगळवारी, सगळ्यांनी. ज्यांच्या टाक्या आदल्या दिवशीच काठोकाठ भरल्या होत्या त्यांनीसुद्धा लावल्या. गच्च्यांवरून पाणी वाहत होतं. एका म्हाताऱ्याने घरात आंघोळीचं कोणी उरलं नसताना गिझर लावला होता. का, असं सायलीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, स्वस्त हाय म्हणून.

वायरमन कोंडिबा दहा वाजता आला, खांबाखाली उभा राहिला, वर पाहिलं आणि म्हणाला, “फ्यूज न्हाई. ह्यो मेला.”

शनिवारपर्यंत गाव अंधारात होतं. कंपनीचे साहेब गुरुवारी येऊन गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: डीपी याच ताकदीचा मिळेल, मोठा हवा तर प्रस्ताव करा, त्याला वेळ लागेल. तोवर सगळ्यांनी एकदम भार टाकायचा नाही. आळीवार वेळ वाटून घ्या, नाही तर हाही जाईल आणि पुढचा लवकर मिळणार नाही. सायलीने ते आनंदाने ऐकलं. आठ तास, चार आळ्या, प्रत्येकीला दोन तास. कागदसुद्धा लागणार नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी देवळासमोर बैठक बसली. गावात वरची आळी ढमाल्यांची, मधली आळी मिश्र, ओढ्यापलीकडे मरगळ्यांची धनगरआळी, आणि रस्त्याकडेला नव्या खोल्या, जिथे पिरंगुटला कामाला जाणारे भाडेकरू राहतात. या खोल्यांतल्या बऱ्याचशा सायलीच्या सासूच्या, धोंडाबाईंच्या. सायलीने वेळा सांगितल्या: नऊ ते अकरा, अकरा ते एक, एक ते तीन, तीन ते पाच. कोणी कुठली घ्यायची ते गावाने ठरवावं.

जयसिंग म्हणाले, त्यात ठरवायचं काय. यात्रेत मानाची पहिली काठी वरच्या आळीची असते, तेव्हा नऊची वेळ वरच्या आळीची. मग मधली, मग धनगरआळी, मग भाडेकरू.

राजाबाई मरगळे उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या घरची मेंढरं अजून घाटाखाली होती आणि मुलगा धुळा त्यांच्यामागे, त्यामुळे धनगरआळीचं बोलायला त्याच होत्या. काठी वरच्या आळीची हे त्यांना मान्य होतं. पण धनगरांचा ढोल वाजल्याशिवाय काठी जागची हलत नाही, हे जयसिंग विसरले होते का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे पहिला मान ढोलाचा. मधल्या आळीतून कोणी तरी सांगितलं की ढोल वाजायच्या आधी देवाला निवद लागतो आणि तो मधल्या आळीचा असतो. यानंतर अर्धा तास चैत्रातल्या यात्रेचा क्रम उलगडत गेला. वीज हा शब्द कोणी काढला नाही.

सायली मध्ये पडली. नऊ ते पाच दर एकच आहे, तिने सांगितलं. नऊला जेवढं स्वस्त तेवढंच दोनला, तेवढंच साडेचारला. पैशाचाही फरक नाही. पहिलं येण्यात काही नफा नाही.

“सारकंच हाय म्हणतीस?” धोंडाबाईंनी विचारलं. त्या बायकांच्या रांगेत पुढे बसल्या होत्या.

“हो, आत्या. अगदी सारखं.”

“मग आमी पयलं घेतलं तर कुणाचं काय गेलं?”

“आन् तुमी मागनं घेतलं तर तुमचं काय जातंय, धोंडाबाय?” राजाबाई म्हणाल्या. “सारकंच हाय न्हवं? तुमचीच सून सांगतीया.”

यावर दोघीही सायलीकडे बघत राहिल्या, जणू तिने आता दुसरीला समजवावं.

शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. देवासमोर गुरवाने चिठ्ठी उचलली तर कोणी बोलणार नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. गुरवाने उचलली. नऊची वेळ भाडेकरूंना लागली.

ज्यांचा यात्रेत ढोल नाही, काठी नाही, निवदही नाही, त्यांना पहिला मान. वरची आळी आणि धनगरआळी त्या संध्याकाळी प्रथमच एका बाजूने बोलल्या. भाडेकरूंच्या वतीने एकटा साहिल आला होता, बिहारकडचा, टायर कंपनीत रात्रपाळीला. तो म्हणाला, “भाभी, हमको कोई भी टाइम दे दो. हम तो दिन में सोते हैं.” त्याने वेळ परत दिली, म्हणजे प्रश्न पुन्हा पहिल्या जागी आला: कोणाला दिली? धोंडाबाई म्हणाल्या, खोल्या माझ्या, तर वेळही माझीच. राजाबाई म्हणाल्या, तरीच चिठ्ठी तशी निघाली. गुरव उठून घरी गेला.

रात्र पडायच्या आत जयसिंगांनी तडजोड काढली. वरची आळी आणि धनगरआळी, दोघींनी नऊला लावायचं. मधल्या आळीने अकराला, खोल्यांनी दुपारी. दोन आळ्यांचा भार डीपीला झेपेल का हे सायलीने कोंडिबाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, झेपल, पर तिसरीनं हात लावला की संपलं.

शनिवारी नवा डीपी आला. त्याला हार घातला, हळदकुंकू लावलं, दोन नारळ एकदम फोडले. सोमवारी मार्च लागला.

पहिले दोन दिवस बरे गेले. सायली रोज सकाळी आळ्याआळ्यांतून फिरत होती आणि मोटारींचे आवाज ऐकत होती. तिसऱ्या दिवशी सव्वानऊला मधल्या आळीत तिला मोटार ऐकू आली. आत जाऊन पाहिलं तर रेश्मा, तिच्याबरोबर पूर्वी पॅकिंगला असलेली, घरघंटीसुद्धा लावून बसली होती. तुमची वेळ अकराची ना, असं सायलीने म्हटल्यावर रेश्माने आधी चहा विचारला. मग म्हणाली की सासरे म्हणतात, त्या दोन आळ्यांनी नऊला लावायचं आणि आपण मागून, म्हणजे आपण काय परके का. मी काय करू.

त्याच दिवशी दुपारी निरंजनचा फोन आला. तो संस्थेचा पुण्यातला समन्वयक. त्याला आकडे दिसत होते आणि ते त्याला आवडले होते. सायलीने त्याला डीपीचं, आळ्यांचं आणि काठीचं सांगितलं. तो म्हणाला की हे फार इंटरेस्टिंग आहे आणि घराघरांत लावायला त्याच्याकडे स्टिकर आहेत, हसऱ्या सूर्याचे. पाठवू का? सायली म्हणाली, पाठवा. ते अजून आलेले नाहीत.

डीपीचा आवाज बदलला होता. कोंडिबा येता-जाता खांबाखाली गाडी थांबवायचा, ऐकायचा आणि सायलीला फोन करायचा. तो एवढंच सांगायचा की अजून हाय.

डीपी पुन्हा गेला तर मार्च गेला, आणि मार्च गेला की दिवसाचं काम गेलं. मधली आळी हटणार नव्हती, जोवर त्या दोन आळ्या नऊला होत्या. धनगरआळी हटणार नव्हती, जोवर वरची होती. वरच्या आळीत सगळे बघायचे काठीच्या घराकडे, आणि काठीचं घर म्हणजे सायलीचंच घर. तिथे मोटारीचं बटण धोंडाबाई स्वतः दाबायच्या, बरोबर नऊला, दार उघडं ठेवून, म्हणजे आवाज ओढ्यापलीकडे जावा.

सायलीने तोवर सासूला थेट काही म्हटलं नव्हतं. त्या दुपारी धोंडाबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सायली शेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं: डीपी जाईल, मार्चचे आकडे पडतील, पिरंगुटचा ठेकेदार आत्ताच विचारतोय की एप्रिलपासून रात्रपाळीला येणार का. तुम्ही तेवढी मोटार दोनला लावा. तुम्ही सोडली की सगळे सोडतील.

धोंडाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. त्यांना रात्रपाळी नको होती, हे सायलीला माहीत होतं.

“पोरगी रातीला उठती,” त्या म्हणाल्या. “आई कुटं गेली इचारती. मी काय सांगू तिला? खोकी भरतीया म्हणून?”

“म्हणूनच म्हणते, आत्या.”

“तू म्हणतीस, पर माजं ऐक. काठी तुज्या सासऱ्यानं उचलली. त्याच्या बानं उचलली. आता जयसिंग उचलतो. पन्नास वरसं मी ह्या घरात हाय, माज्या हातात काठी कुणी दिली न्हाई, देणार बी न्हाई. ह्ये नऊचं बटण तेवढं माज्या हातात आलं.” त्यांनी सूप आपटून तांदूळ सारखे केले. “ती राजाबाय काय येडी हाय व्हय? तिला बी ठावं हाय सारकंच हाय ते. ढोल तिचा पोरगा वाजवतो. ती न्हाई.”

दर एकच आहे, हे सायलीने पुन्हा सांगितलं नाही. गेल्या काही दिवसांत तिने ते इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला स्वतःलाच त्या शब्दांचा वीट आला होता.

दुसऱ्या दिवशी नऊला घरात आवाज झाला नाही. धोंडाबाई ओट्यावर बसून होत्या, दार लावलेलं. सृष्टीने विचारलं की आजी, मोटार नाही लावायची का, तर त्या म्हणाल्या, “दोनला लावू. तुज्या आईचं काम हाय.” एवढंच. जयसिंग दारापर्यंत आले, आत डोकावले आणि परत गेले. ओढ्यापलीकडे राजाबाईंची मोटार नऊला सुरू झाली आणि थोड्या वेळाने थांबली.

दुपारी दोनला धोंडाबाईंनी बटण दाबलं.

सायलीला वाटलं, जमलं. तिने कोंडिबाला फोन करून सांगितलंसुद्धा.

त्याच्या पुढच्या सकाळी नऊला गावात एकही मोटार वाजली नाही. वरच्या आळीत नाही, मधल्या आळीत नाही, धनगरआळीतही नाही. सायली धनगरआळीत गेली. राजाबाई अंगणात करडाला पाला घालत होत्या. टाकी रिकामी असेल, मोटार का लावली नाही, सायलीने विचारलं. आता नऊची वेळ तुम्हाला मोकळी आहे, एकट्या तुम्हाला.

राजाबाई हसल्या. “मला खुळी समजतीस व्हय गं? धोंडाबायनं पन्नास वरसात कुणाला सुईच्या टोकाएवडं काय सोडलं न्हाई. ती नऊ सोडून दोनला गेली, म्हंजे दोनात काय तरी हाय. तू तिची सून. तुला ठावं, तिला ठावं. आमाला सांगितलं नऊ.”

“मावशी, दर सारखाच आहे.”

“व्हय तर,” राजाबाई म्हणाल्या. “ती बी ह्येच म्हणती.”

रेश्माच्या सासऱ्यांचंही तेच मत निघालं. वरच्या आळीतल्या चार घरांचंही. जयसिंगांनी भोंग्यावरून खुलासा करू का असं विचारलं. सायलीने हात जोडून नको म्हटलं. तिने घरोघरी पुन्हा फेरी काढली. आता लोक ‘व्हय व्हय’ असंही म्हणत नव्हते. ते बारीक हसत होते.

दोन वाजता सगळं गाव सुरू झालं. खोल्यांतल्या मोटारींची वेळ दुपारचीच होती, त्याही त्यात आल्या. सायली वेशीपाशी डीपीखाली उभी होती. कोंडिबा मोटरसायकल आडवी लावून शेजारी उभा होता. दोघं वर बघत होते. डीपी घुमत होता, पण उभा राहिला. अर्ध्या तासाने टाक्या भरल्या आणि घुमणं कमी झालं. कोंडिबा म्हणाला की आजचं भागलं, उद्याचं त्याला सांगता येणार नाही, आणि रविवारी त्याची सुट्टी आहे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धोंडाबाईंनी विचारलं, “झालं का तुजं काम?” सायली म्हणाली की सगळे दोनला आलेत. धोंडाबाई मग म्हणाल्या, “म्हंजे मी उगाच सोडलं.” आणि उद्यापासून पुन्हा नऊला लावू का, असं त्यांनी विचारलं. त्या नऊला गेल्या तर गाव नऊला येणार होतं, हे सायलीला दिसत होतं.

त्यानंतर तीन आठवडे गाव दोनला लावत आहे. काही दिवस पाण्याचा दाब कमी असतो आणि हौद भरत नाही, त्या दिवशी भार आपोआप विखुरतो. इतर दिवशी सायली आणि, ड्यूटी असेल तर, कोंडिबा वेशीपाशी उभे असतात. डीपीच्या बुडाशी तेलाचा नवा डाग दिसतो. कोंडिबाच्या मते तो जुनाच आहे, धुळीमुळे वर आला. मोठ्या डीपीचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने केला आहे. अर्जावर पहिली सही कोणाची यावरून तो पाच दिवस थांबला होता, पण गेला.

ज्या घरांची बिलं आधी आली ती उतरल्याचं सायलीने स्वतः पाहिलं आहे. राजाबाईंचं उतरलं. धोंडाबाईंचंही उतरलं, तेवढंच. दोघींनी एकमेकींचं बिल मागून घेऊन पाहिलं आणि परत दिलं.

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी निरंजनचा फोन आला. निम्म्याहून खूप जास्त घरं दिवसावर आली आहेत, तो म्हणाला, आकडे जिल्ह्यात सगळ्यात चांगले. फक्त आलेखात दोन वाजताचा जो उंच खांब दिसतो त्याच्याबद्दल संस्थेतल्या वरिष्ठांनी विचारलं आहे. हा असा एकाच वेळी भार येत असेल तर त्याला यश म्हणायचं का, यावर सोमवारी बैठक आहे. तुम्ही एक छोटं टिपण पाठवाल का, की गाव दोनलाच का लावतं?

पिरंगुटच्या ठेकेदाराला उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सायलीने टिपण पाठवलेलं नाही आणि ठेकेदाराला फोनही केलेला नाही. डीपी चालू आहे.